जोत्याची उंची
ओल्या सिमेंटचा वास आला की मला आमच्या आरोग्य केंद्राच्या नव्या इमारतीचा पाया आठवतो. आदल्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी जुन्या केंद्रात शिरलं होतं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून मी एका बाईचं बाळंतपण केलं होतं. तरी नव्या इमारतीचं जोतं जुन्याएवढंच ठेवलेलं. सिमेंट ओतायच्या दिवशी मी सरळ पायाच्या खड्ड्यात उतरले. "सिस्टर, बाहेर या. नकाशा मंजूर झालाय," इंजिनिअर म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, बाळंतपण नकाशाला न्हाई, मला करायचंय." तेवढ्यात तीच बाई लेकरू कडेवर घेऊन आली. "आमी बी उतरतो," म्हणाली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. काम थांबलं. पुढं जोतं तीन फूट वाढलं आणि माझी बदली झाली. वरून मागितलेला माफीनामा मात्र मी आजवर लिहून दिलेला नाही.