गाडीखालचं लिंबू

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी घरात कुठलीही वस्तू पुसूनबिसून मांडून ठेवायची नसते, हे म्हैसुरात जन्मून मला कळायला हवं होतं. त्या दिवशी पुसून मांडलेली वस्तू ही पूजेलाच मांडलेली असते. वडिलांची शिलाई मशीन, त्यांच्या कात्र्या, आईचा मिक्सर. आणि मी नेमका त्याच सकाळी हॉलमध्ये स्लॉट कारचा ट्रॅक जोडला, कापसाने लख्ख पुसला आणि स्कूटर धुवायला खाली गेले.

हा ट्रॅक म्हणजे काळ्या प्लास्टिकचे तुकडे जोडून केलेला इंग्रजी आठाच्या आकाराचा रस्ता. रस्त्यात दोन खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसते आणि तांब्याचे दोन ब्रश पट्ट्यांवरून वीज घेतात. हातातलं बटण जितकं दाबावं तितकी गाडी पळते. गाडी माझ्या बोटाएवढी. सेट वडिलांच्या लहानपणच्या काळातला असावा. मला तो मंडी मोहल्ल्यातल्या जुन्या सामानाच्या दुकानात, मिक्सरच्या फुटक्या भांड्यांखाली मिळाला. खोक्यावर दोन गाड्यांचं चित्र होतं, आत एकच होती, पांढरी. वर्षभर मी एकटीच शर्यत लावत होते आणि दरवेळी जिंकत होते.

जोडीची हिरवी गाडी हुणसूरच्या एका निवृत्त मास्तरांकडे होती. ऑफिसात लिफ्टमध्येही कुणाशी न बोलणारी मी त्यांना सहा महिने मेसेज करत होते. ते गाडी विकणार नव्हते. द्यायची की नाही, ते सेट बघून ठरवणार होते. "कपाटात ठेवून फोटो काढणाऱ्यांना मी देत नाही," त्यांनी लिहिलं होतं. नवमीला ते मुलीकडे म्हैसूरला येणार होते; दुपारी आमच्याकडे डोकावणार होते.

स्कूटर धुऊन वर आले तर हॉलभर उदबत्तीचा धूर. ट्रॅकच्या कडेने झेंडूच्या पाकळ्या. खाचेत ओलं कुंकू. पांढऱ्या गाडीच्या टपावर गंधाची तीन बोटं, वर कुंकवाचा टिळा, आणि चारही चाकांखाली लिंबाच्या चार फोडी.

"आई, हे काय केलंस?"

"पूजा. तूच मांडून ठेवलीस की."

"ती पूजेला नव्हती मांडली!"

"मग आजच्या दिवशी कशाला मांडलीस?" आई शांतपणे म्हणाली. "बाकी सगळ्यांना कुंकू लावायचं नि हिलाच का 'बेड', नको म्हणायचं? गाडी ती गाडीच. अख्खं लिंबू मावेना, म्हणून स्वल्प कापून घातलं."

"नुसतं घातलं नाही," वडील मशीनला हार घालता घालता म्हणाले. "वरनं गाडी पुढे ढकलली. चारी फोडी बरोब्बर चिरडल्या."

हे त्यांनी कौतुकाने सांगितलं.

मी बटण दाबलं. गाडी गुरगुरली आणि जागीच बसली. पट्ट्यांवर लिंबाचा रस, ब्रशांमध्ये कुंकवाचा चिखल. टपावरचं गंध निघालं, पण कुंकू जुन्या प्लास्टिकमध्ये उतरलं होतं. कितीही घासलं तरी गुलाबी डाग राहिला तो राहिलाच. मला रडू येत होतं आणि आई विचारत होती, चुरमुरे आत्ता खाणार की जेवल्यावर.

"लिंबानं तांबं उजळतं," वडील म्हणाले. "तसं बघितलं तर चांगलंच की."

"अप्पा, प्लीज."

मग ते कॉलरच्या कॅनव्हासची एक कडक पट्टी कापून घेऊन आले. ती खाचेत बरोबर बसत होती. ते खाच ओढून साफ करत गेले, मागून मी पट्ट्या पुसत गेले. जेवणसुद्धा राहिलं. ब्रशांचे तांब्याचे केस मी सुईने एकेक सोडवले. अखेर गाडी चालली, पण खोकत चालली. चढावरच्या एका जोडावर दर फेरीला थांबायची. तेवढ्यात बेल वाजली.

मास्तर बारीक अंगाचे, हातात कापडी पिशवी. मी ठरवून ठेवलेली चारही वाक्यं विसरले. ते चटईवर बसले, गाडी उचलून उलटी केली, सरळ केली. डागावर अंगठा घासला.

"हे काय?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

सांगावं लागलं. सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की आईने स्वयंपाकघरातून येऊन माझ्या वतीने सगळं पुन्हा सांगितलं, लिंबाच्या फोडींसकट. आता गाडी काही मिळत नाही, हे मी मनातल्या मनात मान्यही करून टाकलं.

मास्तर हसले नाहीत. "शोकेसमधल्या वस्तूची कुणी आयुधपूजा करतं का?" ते म्हणाले. "चालते तिचीच करतात. पंधरा जणांनी मला फोटो पाठवले, मगळे, पोरी. एकाच्याही गाडीला कुंकू नव्हतं." आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेली हिरवी गाडी काढून त्यांनी दुसऱ्या खाचेत ठेवली.

म्हणजे सहा महिने मेसेज मी केले, तीन तास पट्ट्या मी पुसल्या, आणि गाडी मिळाली आईच्या कुंकवाला. आईच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

"बघू," म्हणत ती मास्तरांसमोर बसली आणि माझं बटण तिने हातात घेतलं. "कसं दाबायचं हे? जोरात?"

"जोरात नको, वळणावर..." मी म्हणेपर्यंत पांढरी गाडी सोफ्याखाली गेली होती.

मी ती काढून आणली. मग हिरवी उडाली, तीही आणली. मास्तर कॉफी गार करत खेळत होते, आई त्यांना "फसवताय तुम्ही" म्हणत होती, वडील फेऱ्या मोजत होते. मी वळणाशी गुडघ्यांवर बसून गाड्या पुन्हा खाचेत लावत होते.

"माझी पाळी कधी?" मी विचारलं. पण नेहमीच्याच आवाजात विचारलं, त्यामुळे ते कुणाला ऐकूच गेलं नाही.