गरम पाण्याची टाकी

शिरोलीच्या एका कारखान्यात निशिगंधा लोखंडी सुटे भाग सॉल्व्हंट नावाच्या उग्र रसायनात बुडवून त्यांचा तेलकटपणा काढायची. त्या वासानं डोकं गरगरायचं, बोटांना मुंग्या यायच्या. नसा कायमच्या बधिर होतील म्हणून डॉक्टरांनी ते काम सोडायला सांगितलं होतं. पण नवरा गेल्यापासून तिचं आणि लेकीचं घर तिच्याच पगारावर चालत होतं.

शेवटी तिनं मालक अनेकांत मगदूम यांना हात जोडले. "सायेब, दुसरं कायतरी आणा की. माझ्यानं आता हुईना."

मगदूमांनी साबणाच्या गरम पाण्याची टाकी बसवली. वास गेला, पण पहिलाच माल गंजून परत आला. मगदूम वैतागले. "ताई, उद्यापासनं पुन्हा सॉल्व्हंट. गिऱ्हाईक तुटलं तर कारखाना बंद पडंल."

"एक डाव मला बघू द्या," निशिगंधा काकुळतीनं म्हणाली. "धुतल्या धुतल्या वाळवून तेल लावते. परत गंजला तर मी घरी बसते."

दिवसभर तिनं मान वर केली नाही. संध्याकाळी मगदूम माल बघायला आले आणि ओरडलेच, "अवो, तुमचा हात बघा की!"

हातमोजा फाटून कढत पाणी आत शिरलं होतं. बोटांवर टरारून फोड आले होते, आणि तिला काहीच कळलं नव्हतं. "दुखत न्हाय वो," एवढंच म्हणून ती खाली बसली आणि रडू लागली.

तो माल पास झाला. सॉल्व्हंट कायमचं बंद झालं. निशिगंधा मात्र अजून भाकरी टाकण्याआधी तवा तापलाय का, हे लेकीला विचारते.