मेडशीला न पोचलेलं पाणी

"वॉटर. नॉट अलाउड," सिक्युरिटीवरची मुलगी म्हणाली आणि तिने सिंधूताईंची पर्स बाजूला ओढून घेतली.

परतीच्या विमानाचं बोर्डिंग सुरू झालं होतं. आमचा वाशीम जिल्ह्याचा सगळा ग्रुप स्कॅनरच्या पलीकडे पोचला होता. टूर मॅनेजर नेहमी शेपटाला असतो, त्यामुळे माझ्यापुढे फक्त सिंधूताई उरल्या होत्या. त्यांच्या पर्समधून पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली अर्ध्या लिटरची बाटली निघाली. ते पाणी कशाचं आहे ते मला ठाऊक होतं.

श्रीलंकेची ही टूर खरं तर सिंधूताई आणि त्यांचे मालक देवरावकाका दोघांनी बुक केली होती. काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. अनुराधपूरचा बोधिवृक्ष एकदा डोळ्यांनी पाहायचा, हा त्यांचा ध्यास होता. निघायच्या आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ताई राहते म्हणाल्या, तर काकांनी खाटेवरून, अडखळत का होईना, ठणकावलं, "तू जाय. मले तिथचं परित्राणाचं पानी आन, बस." परित्राण म्हणजे भंतेजी सुत्तं म्हणतात तो पाठ. पाठ संपला की जवळ ठेवलेलं पाणी सगळ्यांना ओंजळीत देतात. आपल्याकडे बौद्ध घरांत होतो तो. तिकडे त्याला पिरित म्हणतात. बोधिवृक्षाजवळच्या भंतेजींनी काकांचं नाव घेऊन ते पाणी दिलं, तेव्हा मी शेजारीच होतो.

विमानात हातातल्या सामानात शंभर मिलीपेक्षा मोठी पाण्याची बाटली चालत नाही. मोठ्या बॅगेत, जी काउंटरवर देऊन टाकतो, तिच्यात चालते. हे मी हॉटेलवर सगळ्यांना सांगितलं होतं आणि ताईंची बाटली स्वतः त्यांच्या बॅगेत नीट बसवून दिली होती.

"ताई, हे बाहेर कसं आलं?"

"म्या काढलं, भाऊ. त्या ब्यागीत चपला हायेत न. चपलाईसंगं हे कसं ठेवू?"

माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं.

आणि वाईट याचं वाटतं की वेळ भरपूर होता. विमान लेट झालं होतं. आख्खी दुपार आम्ही त्या विमानतळावर काढली. इथे सिक्युरिटीची शेवटची तपासणी थेट गेटपाशी होते, तोवर सगळे लॉबीत मोकळे. बायकांनी गालिच्यावर चादर अंथरून चिवडा आणि ठेचा काढला. जऊळक्याचे वसंतराव बोर्डाकडे बघायलाच तयार नव्हते. स्टँडवर गाडीची पाटी पाहावी तसे काचेला नाक लावून उभे. "आपलं इमान आलं की मी आवाज देतो न!" ते म्हणाले. दोनदा त्यांनी दुसऱ्याच कंपनीच्या विमानासाठी सगळ्यांना उठवलं. आम्ही पोट धरून हसलो. ताईही हसत होत्या, पर्स मांडीवर घेऊन. त्या वेळी एका शब्दाने कळलं असतं, तर मी सगळी दुकानं पालथी घालून छोटी बाटली आणली असती.

आता दुकानं लांब राहिली होती. मी त्या मुलीला म्हणालो, "पिरित वॉटर." तिने बाटलीवरचा हात झटकन मागे घेतला. सुपरवायझरला बोलावलं. त्याने बाटलीला हात जोडले आणि मग मान हलवली. आम्ही हे फेकणार नाही, पण आत नेऊ देता येणार नाही, तुम्हीच काय ते ठरवा, असं त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

वसंतरावांची बायको पलीकडून सगळं पाहत होती. तिने पर्समधून खोबरेल तेलाची शिशी काढली. शंभर मिलीच्या आतली. "ताई, तेल सांडून देते. धुऊन घ्या अन् भरा यात."

"कुठी धुशीन?"

नळ एकच होता, लॉबीतल्या संडासातला.

"नाई," सिंधूताई म्हणाल्या. "तेलाच्या शिशीत, अन् ते बी संडासात धुतलेल्या? त्यायच्या तोंडात घालाचं हाये मले."

"ताई, थोडं तरी घरी पोचेल," मी म्हणालो. त्या रडत होत्या, पण हलल्या नाहीत. तिकडे लास्ट कॉल झाला.

शेवटी त्यांनीच बाटलीचं झाकण उघडलं. मला ओंजळीत पाणी दिलं. वसंतराव आणि त्यांची बायको टेबलापाशी आली, त्यांना दिलं. त्या मुलीने हातमोजा काढून ओंजळ पुढे केली, तिलाही दिलं. उरलेलं लॉबीतल्या कुंडीतल्या झाडाला घातलं. स्वतः एक थेंब घेतला नाही. विमानात शेजारची सीट माझी होती. त्यांनी रिकामी बाटली रुमालात गुंडाळून नागपूरपर्यंत मांडीवर ठेवली.

पुढच्या आठवड्यात मी मंगरूळपीरहून मेडशीला त्यांच्या घरी गेलो. काका खाटेवर होते. ताईंनी त्यांना सगळं खरं सांगितलं होतं, शिशीचंसुद्धा. काकांचं बोलणं तोंडात अडकत होतं, तरी एकेक शब्द कळला.

"ईले... काई समजत नाई, भाऊ. मले तेलाच्या शिशीतलं बी... चाललं असतं."

ताई चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

दिवाळीच्या आधी काका गेले.

आता टूरच्या आधीच्या मीटिंगमध्ये मी लिक्विडचा नियम सांगतो, कोऱ्या लहान बाटल्याही वाटतो. आणि एक गोष्ट जास्तीची सांगतो. घरी कोणासाठी काही आणायचं असेल, तर ते कशातून आणलेलं चालेल, हे निघण्याआधी त्यालाच विचारून घ्या.