मोरेंच्या घरची गृहभेट

आधी कबूल करा, हसणार नाही. नाहीतर मी आपली चहा पिऊन गप्प बसते. आता मला गप्प बसता येत नाही, तो भाग वेगळा!

तर, मी नाशकात कॉलेजच्या मुलांना समुपदेशन शिकवते. लहान मुलांशी, त्यांच्या घरच्यांशी कसं बोलायचं, खरं म्हणजे कसं ऐकायचं, ते! त्या दिवशी तुषार नावाच्या विद्यार्थ्याला गृहभेट म्हणजे काय ते दाखवायला पिंपळगावजवळच्या एका खेड्यात नेलं. शाळेला सारखी दांडी मारणारा एक मुलगा होता, मोरेंचा. निम्मं गाव मोरेच, हे मला कोण सांगणार?

पहिल्याच दारात एक गृहस्थ हात जोडून उभे. "नाशकाचे पाहुणे ना? या, या! वाटच बघत होतो."

मला वाटलं, शाळेनं निरोप दिलेला दिसतोय. आत बसतोय तोच पोहे आले. मग साडी नेसून एक मुलगी चहा घेऊन आली. मी मनात म्हटलं, ही आपल्या पोराची थोरली बहीण.

"मॅडम, मला वाटतं…" तुषार कुजबुजला.

"तू फक्त ऐकायचं!" मी दटावलं आणि सुरू झाले. "मोरेभाऊ, मुलाबद्दल स्पष्टच बोलते. हट्टी आहे. रागात ताट फेकतो. आणि अजून अंथरूण ओलं करतो."

मोरेंनी सहा फुटी तुषारकडे पाहिलं. "अजून?"

"अजून! पण मारायचं नाही हं. प्रेमानं घ्यायचं."

"आन् शिक्षण?"

"सहावीतच अडकलंय गाडं."

बापाला पोराची इयत्तासुद्धा ठाऊक नसते, हे मी वर्गात नेहमी सांगते. मी विजयी मुद्रेनं तुषारकडे बघितलं, तर त्यानं तोंड बशीत खुपसलेलं!

तेवढ्यात दारात दुसरी गाडी थांबली. एक बाई, मागे मुलगा. "मोरेंचंच घर ना? आम्ही मुलगी बघायला आलोय. आणि हे कोण? आमच्या आधी दुसरं स्थळ?"

अगं बाई! पोह्याची बशी बाजूला ठेवून मी उठलेच. माझ्या बडबडीपायी त्या पोरीची सोयरीक मोडते की काय! हात जोडजोडून खरं काय ते सांगितलं, तेव्हा कुठे सगळे हसले. तुषार तर मेला सगळ्यांत जास्त!

कोपऱ्यात बसलेली मुलीची आत्या तेवढी हसेना. ती माझ्याकडे बोट करून भावाला म्हणाली, "सुटलो बाबा! पोराला औषधपाणी केलं असतं रे, पण ह्या सासूच्या तोंडाला कुठलं औषध आणलं असतं?"