तिसऱ्या नळीतला बोळा

थोरल्या मेकॅनिकच्या बायकोला सगळा रस्ता वहिनीच म्हणतो, आणि वहिनीचा राग सगळ्या रस्त्याला ऐकू जातो. जायलाच हवा. ती लग्न होऊन आली तेव्हापासून नवरा आणि दीर एकाच गॅरेजात, एकाच इंजिनावर वाकून काम करतात आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. कशावरून बिनसलं, ते आता त्यांनाही धड आठवत नसेल. "त्याला सांग, क्लच ढिला आहे." "वहिनी, दादाला सांगा, मलाही डोळे आहेत." दोघांत हातभर अंतर, आणि निरोप पोचवायला ही मधे उभी, पिठाच्या हातांनी.

त्या दिवशी नर्सबाई तणतणत आल्या. कालच दुरुस्त करून नेलेली गाडी.

"सगळी गाडी थरथरतेय, चढावर दमच नाही तिला! मागच्या सीटवर बाई कळा देतेय आणि गाडी पुढे सरकेना. लोकांनी ढकलली म्हणून पोचलो!"

"त्याला विचार, बंद करताना काय केलं," थोरला म्हणाला.

"दादाला विचारा वहिनी, उघडलं कोणी होतं."

वहिनीच्या मस्तकात तिडीक गेली. "सरका दोघंही!"

इतकी वर्षं निरोप पोचवून पोचवून तिला सगळी विद्या तोंडपाठ झाली होती. तिनं इंजिन चालू केलं, पक्कड घेतली आणि एकेका प्लगची टोपी काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली, तर आवाजात तसूभर फरक नाही.

"हा तिसरा सिलिंडर मेलाय," ती म्हणाली. प्लग काढून पाहिला, ठिणगी तर झकास पडत होती. "मग हवा अडलीय. खोला."

खोललं. हवेच्या तिसऱ्या नळीत खोलवर चिंधीचा बोळा होता, तिच्याच जुन्या गाऊनचा. कचरा पडू नये म्हणून थोरला उघड्या नळ्यांत बोळे कोंबायचा, आणि धाकट्यानं बंद करण्याआधी ते काढायची आठवण वहिनीकडून जायची. काल ती माहेरी गेली होती.

"एक खोल बसलाय, हे सांगायचं होतं त्याला," थोरला पुटपुटला. "पण तू नव्हतीस."

"मी नव्हते?" तिनं बोळा दोघांच्या मधे आपटला. "एक बाई रस्त्यात मेली असती तुमच्या अबोल्यापायी! आजपासून निरोप बंद. मी मेले असं समजा."

ती पाठ फिरवून नर्सबाईंशेजारी बाकावर जाऊन बसली. मागे नुसते पाने खणखणत राहिले. बऱ्याच वेळानं धाकट्यानं घसा खाकरला.

"दादा, सगळे बोळे निघाले का?"

"थांब. बघतो."

वहिनी वळली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही संतापाचंच. एवढंच बोलायचं होतं मेल्यांना, आणि तेवढ्यासाठी तिचं अर्धं आयुष्य खाल्लं होतं.