गॅरेजमधली फोडणी

आज वरणाच्या फोडणीत हिंग जास्त पडला आणि अमेरिकेतल्या शॉमबर्गचं आमचं जुनं गॅरेज आठवलं. त्या दिवसांत माझ्या बायकोची, सुधाची, किमो चालू होती. फोडणीच्या नुसत्या वासाने तिला उलट्या व्हायच्या. हल्ली मळमळीवर बरी औषधं निघालीत. तेव्हा आमच्याकडे गॅरेज होतं. दार अर्धं उघडं ठेवून, जाकीट घालून मी तिथे कॅम्पिंगच्या शेगडीवर स्वयंपाक करायचो.

एका दुपारी सुधा शाल गुंडाळून घरातून गॅरेजच्या दारात आली. मी ओरडलो, "अगं, आत जा, वास येईल!"

"येतोय की. हिंग जास्त पडलाय. वाढा मला थोडा वरणभात."

तेव्हा वाटलं, सुटलो आपण. तसं झालं नाही.

आजही हिंग पडला, तसं मी आधी दाराकडे बघितलं.