बोटीवरची आईची जागा

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बत्तीस वर्षं भिंगं घासणाऱ्या त्या बाईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असे. दुकानात सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. बेटांवर जायचं त्यांनी ठरवलं तेही रागातच. बोटीवरचा एक मेकॅनिक तुटलेला चष्मा घेऊन आला होता. नवी भिंगं डोळ्यांवर चढवून तो म्हणाला, "झकास! पण बाई, आमच्या बेटांभोवतीचं पाणी याच्याहून नितळ."

"माझ्या भिंगाहून?" भिंगबाईंनी चष्मा त्याच्या नाकावरून काढूनच घेतला, पुसला, उजेडाला धरला आणि परत दिला. "बघायलाच येते तुमचं पाणी."

निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं होती. ती दोन्ही वर्षं त्यांनी तयारीत घातली. बेटं सतरा, विषुववृत्ताजवळ भर समुद्रात विखुरलेली. आधी विमान, मग अडीच दिवस मोठी बोट, मग तीन आठवड्यांतून एकदा सुटणारी लहान बोट. तिच्यात बारा माणसांचीच सोय. तिथे दुकान एक, डॉक्टर नाही. बोटीचं वेळापत्रक त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. स्वतःसाठी दोन जादा चष्मे केले. रोज सकाळी भरलेली पिशवी खांद्याला लावून चार मजले चढायच्या-उतरायच्या.

"कुणाचं सामान हलवताय?" खालच्या शेजारणीने विचारलं.

"माझंच," म्हणून त्या पुढच्या पायऱ्या चढल्या.

मुलगा विमा कंपनीत होता. त्याला जिकडेतिकडे अपघातच दिसायचे. पण आईपुढे तो हूं की चूं करत नसे. त्यामुळे बाईंना वाटलं, पोराने मान्य केलं.

निघायला नऊ दिवस उरले होते. जागा पक्की आहे ना, हे विचारायला त्यांनी बोट कंपनीच्या शहरातल्या कचेरीत फोन केला. कारकून म्हणाला, "ती जागा महिन्यापूर्वीच रद्द झाली. तुमच्या चिरंजीवांचं पत्र आहे. आईची प्रकृती बरी नसते, हल्ली तिला काही आठवत नाही, असं लिहिलंय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगा घरी येईपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"काय आठवत नाही रे मला?"

त्याच्या हातातली बॅग हातातच राहिली. "आई, तुझ्या काळजीपोटी केलं. तिथे काही झालं तर..."

"काळजी असती तर माझ्याशी भांडला असतास. तू चोरून मला वेडी ठरवलंस!"

"वेडी कुठे म्हटलं?"

"मग बस, आत्ता लिही. पहिलं पत्र खोटं होतं म्हणून लिही."

 स्वयंपाकघराच्या दारातून सूनच बोलली. "आई, खरं सांगते. माझं प्रशिक्षण त्याच महिन्यात आहे. मुलांना कोण बघणार, यावरून आमचं वाजलं होतं. पण पत्राचं मला आत्ताच कळतंय."

"म्हणजे मी आजारी नाही, उपयोगाची आहे!" बाई कडाडल्या. "मग तोंडाने विचारायचं होतं. मी नाही म्हटलं असतं, ते ऐकून घ्यायचं होतं!"

मुलाने पत्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंगबाई कचेरीत हजर झाल्या. कारकून विशीतला, समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, घरच्यांना सोबत आणा ना."

"मी तुमची आजी नाही. वेळापत्रक काढा समोर."

त्याने काढलं. बाई त्याकडे न बघता बोलू लागल्या. सतराही बेटं क्रमाने, प्रत्येक ठिकाणी बोट किती वाजता लागते, भरती कधी, ओहोटी कधी. अकराव्या बेटाशी कारकून म्हणाला, "चुकलात. इथे दुपारी एक आहे."

"ते जुनं. या फेरीला एक वाजता तिथे ओहोटी असते, बोट तळाला टेकते, म्हणून साडेतीन केलंय. तुमच्याच कचेरीने मला कळवलंय." त्यांनी पिशवीतून पत्र काढून टेबलावर आपटलं.

कारकुनाने पत्र वाचलं, आतल्या साहेबांना दाखवलं आणि बाहेर येऊन वही उघडली. त्या फेरीत जागा उरली नव्हती. पुढच्यातही नव्हती. त्यापुढच्या फेरीत एक निघाली.

"नातेवाइकाला कळवायचं झालं तर कुणाला कळवू?" त्याने विचारलं.

"सुनेला," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या नावाने कुणाचंही पत्र आलं तर आधी मला फोन करा."

दीड महिन्याने त्या निघाल्या. सुनेचं प्रशिक्षण तोवर संपलं होतं. बाईंनी साफ नाही म्हटल्यामुळे त्या महिन्यात मुलाने रजा काढून पोरं सांभाळली होती आणि तिसऱ्याच दिवशी टेकीला आला होता. निघताना तो पिशवी उचलायला वाकला.

"ठेव खाली," बाई म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरू लागल्या. तो मागोमाग फाटकापर्यंत गेला. त्यांनी सुनेचा हात दाबला, नातवंडांचे पापे घेतले. त्याच्याकडे एकदा बघितलं आणि चालू लागल्या.